त्या सकाळी बेल्ट थांबला होता

युसूफभाईंबद्दल बोलायचं मी फार वर्षं टाळलं. दुसरबीडच्या चौकात जिनिंगमधले जुने लोक अजून भेटतात. चहा होतो, मागच्या हंगामांच्या गोष्टी निघतात आणि कधीतरी कोणी म्हणतंच, "युसूफ वायरमन माणूस लाखात एक, पण एका चुकीनं गेला." असं झालं की मी बस आल्याचं सांगून उठतो आणि पुढच्या टपरीवर जाऊन बसतो. बस माझी नसते.

युसूफभाई गेल्या थंडीत वारले. मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळे निदान लिहिलेलं दिसतं तरी. तेव्हा आधी मुख्य गोष्ट लिहून टाकतो: ती चूक युसूफभाईंची नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला इतका काळ लागला.

आमची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, दुसरबीडच्या बाहेर रस्त्याला लागून होती. आता तिथे सिमेंटचं गोदाम आहे. मी तिथे सुपरवायझर होतो आणि युसूफभाई वायरमन. बीबी गावाहून रोज जुन्या स्कूटरवर यायचे. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, कॉलरची इस्त्री अशी की बोट कापेल. जिनिंगमध्ये हवेतसुद्धा रुई असते. भाकरीवर बसते, पापण्यांवर बसते. मी एकदा विचारलं, "युसूफभाई, इथे पांढरा शर्ट कशाला घालता?"

"पांढऱ्यावर रुई दिसत नाही, साहेब. तुमचा निळा पाहा. बकरी अंग घासून गेल्यासारखा दिसून राह्यला."

वरच्या खिशात पेनाच्या जागी दाढीचा ब्रश असायचा. वायरींच्या जोडावरची रुई ते त्या ब्रशनं झाडत. नवीन आलेल्या मजुराला वाटायचं की हा माणूस दाढी करायला आला आहे. स्वभाव म्हणाल तर गोड अजिबात नव्हता. त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरला कोणी हात लावला तर त्या माणसाशी दिवसभर बोलणं बंद. बढाईखोरही होते. उजवा हात समोर धरून म्हणायचे, "हा हात पाहून घ्या. हा चुकत नाही." कामावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. युसूफभाईंना ते दिसायचं आणि आवडायचं.

कापूस आत नेणारा लांब पट्टा होता. त्याला आम्ही नुसतं बेल्ट म्हणत असू. त्याची मोटर पूर्वी साध्या स्टार्टरवर होती. मग शेठनं ड्राइव्ह आणली. ड्राइव्ह म्हणजे मोटरला कमी-जास्त वेगानं चालवणारी पेटी. युसूफभाई जालन्याला जाऊन तिचं काम शिकून आले आणि आल्यावर त्यांनी काय केलं, तर जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायांना ती पेटी बसवलेल्या पॅनलसमोर बसवलं. मला ते वेळ घालवणं वाटलं. त्या कापूस ढकलणार, त्यांना पेटीशी काय करायचं आहे?

"हे पेटी आहे ना," युसूफभाई म्हणाले, "इले दोनच गोष्टी समजतात. वायरीत चोवीस व्होल्टचा दाब आला, म्हणजे हाव. नाही आला, म्हणजे नाही. मधलं हिले काही कळत नाही."

पुढे कौसाबाई बसली होती. बेल्टच्या टोकाला काम करणारी, तोंडानं तिखट बाई. ती म्हणाली, "मंग माह्या मालकासारखीच हाय. फक्त त्याले नाही म्हटलेलं समजत नाही."

"म्हणून त त्याले पॅनलमधी नाही बसवलं, कौसाबाई."

हसणं ओसरल्यावर त्यांनी दोरी दाखवली. बेल्टच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी ताणलेली होती. काही अडकलं, कोणी सापडलं, तर कुठूनही ओढायची.

"आता ऐका. थांबायची वायर उलटी असते. बेल्ट चालू आहे तोवर ते सारखी हाव, हाव, हाव म्हणत राह्यते. तुम्ही दोरी ओढली की टोकाचा स्विच उघडते. दाब गेला. वायर चूप. पेटी म्हणते, आता कोणी हाव म्हणून नाही राह्यलं, मोटर बंद."

"उलटं काऊन?" कौसाबाईनं विचारलं. "ओढल्यावर दाब आला पाह्यजे, असं काऊन नाही केलं?"

युसूफभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा साहेब, तुम्ही हे नाही विचारलं." मग तिला म्हणाले, "उंदरानं वायर कुरतडली त? तू ओढत बसशीन, निरोप पोचणार नाही आन बेल्ट चालत राहीन. असं केलं त वायर तुटली तरी बेल्टच थांबते. फुकट थांबला त शेठचं नुकसान. नाही थांबला त तुमचं."

ड्राइव्ह ऐकते तशी बोलतेही, हे त्यांनी मला नंतर समजावलं. आत छोटे रिले असतात, टक् असा आवाज करून ते बाहेर निरोप देतात: मी तयार आहे, मी चालू आहे, माझ्यात बिघाड आहे. हिरवा, पिवळा, लाल दिवा त्या निरोपांवर लागत. या बेल्टच्या पुढे कापूस नेणारा आणखी एक बेल्ट होता; ते दोन्ही त्यांनी याच निरोपांनी एकमेकांना बांधले होते. पुढचा बेल्ट 'चालू आहे' म्हणेपर्यंत मागचा हलायचाच नाही. शेठ एकदा चिडून म्हणाले की मागचा तरी चालू कर, कापूस पुढे येऊन पडू दे. युसूफभाईंनी हात जोडले. "शेठजी, लग्नात पह्यली पंगत उठल्याबिगर दुसरी बसवता काय? पाहुणे एकमेकाच्या मांडीवर बसतीन." शेठ निघून गेले. मजुरांनी ही गोष्ट हंगामभर सांगितली.

त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या जिनिंगमध्ये पाहिली नाही. सकाळी कापूस टाकण्यापूर्वी रिकामा बेल्ट चालू करायचा आणि कौसाबाईनं दोरी ओढायची. बेल्ट थांबला, लाल दिवा लागला, भोंगा वाजला की मग कामाला सुरुवात. "पह्यले थांबवून पाहा, मंग चालवा," असं ते म्हणत. हंगामाच्या मुहूर्ताच्या दिवशी वजनकाट्याची पूजा होऊन नारळ फुटला की खुद्द शेठला दोरी ओढायला लावत. शेठ कुरकुरत. शुभ दिवशी पहिलं काम थांबवण्याचं! पण ओढत.

ते चुकायचे नाहीत असं नाही. एका मुहूर्ताला मोटरच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या आणि बेल्ट मागे फिरला. पहिल्या ओंजळीचा पूजेचा कापूस शेठच्या अंगावर येऊन पडला. युसूफभाई शांतपणे म्हणाले, "शेठजी, मशीन तुम्हाले हार घालून राह्यलं." वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी मात्र मी पाहिलं, ते एकेका बाईपाशी, हमालापाशी, गेटवरच्या माणसापाशी जाऊन सांगत होते, "काल माही चूक होती. वायर म्या उलटी लावली." कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "अहो, लोक विसरलेसुद्धा." ते म्हणाले, "मी नाही विसरलो ना."

चूक पोटात ठेवली की त्या माणसाला जेवण जात नसे. मला जातं, हे मला पुढे कळलं.

त्या हंगामात कापूस फार आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गेटबाहेर रस्त्यापर्यंत उभ्या राहत. आणि नेमका दोरीचा स्विच बिघडला. जुना झाला होता, त्यात रुई शिरायची, आतला जोड क्षणभर सुटायचा. दोरी कोणी ओढलेली नसायची, पण दाब गेला की ड्राइव्हला 'नाही' ऐकू यायचं आणि बेल्ट आपोआप थांबायचा. झाकण उघडायचं, रुई झाडायची, पुन्हा चालू करायचा. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

युसूफभाईंच्या भाचीचं जानेफळला लग्न होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी काम बंद झाल्यावर त्यांनी पॅनल उघडलं. दोष स्विचमध्ये आहे की वायरीत, हे पाहायला त्यांनी चोवीस व्होल्टच्या जोडापासून थांबायच्या वायरीच्या जोडापर्यंत एक छोटा तुकडा लावला. त्याला आमच्यात लूप म्हणतात. लूप लावली की दोरीचा स्विच काही का म्हणेना, ड्राइव्हला कायम हावच ऐकू येतं. तपासायला तेवढ्यापुरती लावतात आणि काढतात. मला तेवढ्यात गेटवर बोलावणं आलं. दोन ट्रॉलीवाल्यांची नंबरावरून जुंपली होती. परत आलो तर पॅनल बंद करून युसूफभाई स्कूटरला किक मारत होते.

"स्विच मेला साहेब, वायर चांगली आहे. परवा दुपारी येताना नवा घेऊन येतो. तोवर थांबला की झाडा आन चालू करा. कंटाळा करू नका." खिशातला ब्रश काढून त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांच्या हातानं त्यांची वस्तू मला दिलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्ट थांबत राहिला. मी झाडत राहिलो. बाया खाली बसून घेत, गेटबाहेर शेतकरी ओरडत. एक जण कुंपणावरून म्हणाला, "ओ सुपरवायझर, कापूस घेता का पुन्हा वावरात लावून येऊ?" सगळी रांग हसली. शेठ वाशीमला होते, तिथून फोन करत होते. दुपारी पुन्हा बेल्ट थांबला, तेव्हा मी ब्रश टेबलावर ठेवला आणि पॅनलची दुसरी किल्ली घेतली.

युसूफभाईंना फोन केला नाही. ते काय म्हणतील हे माहीत होतं म्हणूनच केला नाही.

इतकी वर्षं त्यांच्या मागे उभं राहून मी पुष्कळ पाहिलं होतं. त्यांच्या डब्यातला वायरीचा तुकडा घेतला. त्यांच्या पकडीनं दोन्ही टोकांना पिना दाबल्या. ते घालत तशी वायरीचा आकडा लिहिलेली पिवळी कडी दोन्हीकडे घातली. जोडांचे स्क्रू आवळून वायर ओढून पाहिली, हलली नाही. लूप इतकी सफाईदार झाली की मलाच कौतुक वाटलं. ते आले की दाखवू, दोन शिव्या देतील, मग हसतील, असा माझा हिशेब होता. त्यांच्याकडून शिकलेल्या सफाईमुळेच ती वायर त्यांची दिसणार होती, हे डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळपर्यंत बेल्ट एकदाही थांबला नाही. रांग संपली. एक बाई म्हणाली, "साहेबाचा हात लागला आन मशीन शहाणी झाली." मी खूश झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिकामा बेल्ट चालू झाला आणि रोजच्यासारखी कौसाबाई दोरीकडे निघाली. मी म्हणालो, "राहू द्या आज. गाड्या खोळंबल्यात."

"भाई रागावतीन ना."

"मी सांगतो भाईंना."

ती माझ्याकडे पाहून पदर खोचत कामाला गेली.

दहाच्या सुमारास बेल्टच्या टोकाच्या रोलरमध्ये बारदानाचं फडकं अडकलं. ती ते काढायला वाकली आणि आधी पदर गेला, मग हात. तिनं डाव्या हातानं दोरी ओढली. मी ओरडणं ऐकून धावलो तेव्हा ती दोरी ओढतच होती आणि बेल्ट चालत होता. मी मुख्य स्विच पाडला. पुढचं मी लिहीत नाही. उजव्या हाताची बोटं गेली.

तिला जालन्याला नेलं. गर्दीत मी पॅनलपाशी जाऊन लूप काढू शकलो असतो. तेवढी हिंमतही झाली नाही, किंवा तेवढी अक्कल सुचली नाही. कोणतं खरं, ते आज सांगता येत नाही.

दुपारी युसूफभाई आले. स्कूटरच्या डिकीत नवा स्विच आणि आमच्यासाठी लग्नातल्या बुंदीचा पुडा होता. गेटवरच त्यांना कळलं. शेठ येऊन पोचले होते. पॅनलच्या खोलीत आम्ही तिघं उभे राहिलो आणि युसूफभाईंनी दार उघडलं.

लूप समोरच होती.

"हे काय आहे?" शेठनी विचारलं.

"लूप."

"कोणी लावली?"

"परवा संध्याकाळी म्या लावली होती. तपासाले. पण काढली होती शेठजी."

"काढली होती, मग ही कुठून आली? वायर कोणाची आहे?"

युसूफभाई वाकले. पिन पाहिली, पिवळी कडी पाहिली. "पिन त माहीच दिसून राह्यली," ते हळूच म्हणाले. तेवढ्यात शेठना फोन आला आणि ते बोलत बाहेर गेले.

युसूफभाई आठवू पाहत होते. परवा घाईत होते, लग्नाचं डोक्यात होतं, काढली की नुसती काढायची म्हटली, हे त्यांना धडपणे आठवत नव्हतं. पण डोकं चालत होतं. ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"साहेब, मी गेल्यावर काल बेल्ट थांबला होता काय? दोरीनं, नाहीत आपोआप? एकखेप तरी?"

वाचणाऱ्याला हा प्रश्न नीट कळावा म्हणून थांबतो. त्यांची लूप राहून गेली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून ड्राइव्हला सतत हाव ऐकू आलं असतं आणि बेल्ट दोरीनंही आणि आपोआपही थांबलाच नसता. एकदा जरी थांबला असेल, तर त्यांची लूप निघालेली होती आणि ही दुसऱ्याची होती. माझ्या एका 'हो'नं तो माणूस सुटणार होता. तो सकाळभर थांबत होता. त्यांचाच ब्रश हातात धरून मी तो झाडत होतो.

मी म्हणालो, "नाही. घाईत दोरी ओढायची राहिली. बेल्ट चांगला चालला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर अविश्वास दाखवावा असं त्यांच्या मनातही आलं नाही, हे मला त्या नजरेत दिसलं. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, उलटा करून, सुलटा करून.

"मंग माहीच राह्यली," ते म्हणाले.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला नोकरीची भीती वाटली. ते पूर्ण खरं नाही. दुसरी नोकरी मिळाली असती. गेटबाहेर कौसाबाईच्या सोबतिणी जमिनीवर बसल्या होत्या. 'मी सांगतो भाईंना' हे मी त्यांच्यासमोर म्हणालो होतो. बाहेर जाऊन त्यांच्यापुढे उभं राहायचं होतं आणि ते मला जमणार नव्हतं. युसूफभाईंना जमेल असं वाटलं. त्यांना सवय होती.

आणि त्यांना ते खरंच जमलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जालन्याच्या दवाखान्यात गेलो. कौसाबाईच्या हाताला हे एवढं बँडेज. युसूफभाई कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले. ती त्यांना पाहून रडायला लागली.

"भाई, म्या ओढली होती. दोनदा ओढली. तुमी शिकोलं तसंच केलं."

"हाव बाई. तुम्ही बरोबर केलं. चूक माही होती. लूप म्या ठेवली."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी दाराजवळ मोसंब्यांची पिशवी धरून उभा होतो.

चौकशीला सरकारी साहेब आले, तेव्हाही युसूफभाईंनी हेच सांगितलं. साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला याहून वेगळं काही सांगायचंय?" मी मान हलवली. शेठनं पुढचं सगळं मिटवलं. युसूफभाईंना त्यांनी काढायची गरजच पडली नाही. त्यांनी स्वतःच पॅनलची किल्ली आणून टेबलावर ठेवली. मी म्हणालो, "युसूफभाई, चूक कोणाचीही होते. एवढं मनाला लावून घेऊ नका." असं मी म्हणालो. मी.

"साहेब, चूक झाली म्हणून नाही जाऊन राह्यलो. मले आठवत नाही, म्हणून जाऊन राह्यलो. काढल्यासारखी वाटते. डोळ्यासमोर दिसते काढताना. आन ते त तिथंच होती. मंग आजवर जेवढ्या वायरी लावल्या, त्याहीचं काय सांगू?"

त्यानंतर त्यांनी वायरीला हात लावला नाही. बीबीत भावाचं फळांचं दुकान होतं, तिथे बसू लागले. मेहकरला जाता-येता माझी बस काही वेळा त्या बाजूनं जायची. मी नेहमी पलीकडच्या खिडकीला बसायचो.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी मातीला गेलो, मागे उभा राहिलो आणि लोक पांगायच्या आधी निघालो. त्यानंतर काही दिवसांनी कौसाबाईकडे गेलो. ती दुसरबीडातच असते. घरापुढच्या ओट्यावर बसून डाव्या हातानं मेथी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिनं मेथी बाजूला केली नाही. बराच वेळ निवडतच राहिली.

मग म्हणाली, "त्या दिशी सकाळी त बेल्ट बंद पडू पडू राह्यला होता. आमाले बसून बसून कंटाळा आला होता."

"हो."

"भाईनं हेच इचारलं होतं तुमाले?"

"हो."

"मले इचारलं असतं त म्या सांगतलं असतं ना वो!" तिचा आवाज फुटला. "पण म्या त्याहीच्या तोंडाकडं पाह्यलं नाही. भिंतीकडं पाह्यत राह्यली. वर्सावर्सी मनातल्या मनात शिव्या देल्या त्या माणसाले. तुमी माह्याकडून देवोल्या." मग ती म्हणाली, "बोटाचं मले आता काही नाही. बोटं गेले त गेले. पण साहेब, हे मले काऊन सांगून राह्यले? त्याहीले सांगायचं होतं."

तिनं मला पाणी दिलं नाही, बसा म्हटलं नाही. तिचं बरोबर होतं.

त्यांना सांगायला मी एकदा गेलो होतो. ते वारले त्याच्या दोनेक वर्षं आधी. बायको गेल्यावर घरात एकट्यानं राहवेना आणि एके दिवशी मी ठरवून बीबीच्या बसमध्ये बसलो. रस्ताभर मनात वाक्यं लावत होतो. बाजाराचा दिवस होता. दुकानावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. युसूफभाई सीताफळं पाटीत भरत होते. शर्ट पांढराच होता, पण चुरगळलेला. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग एकदम उठले, स्टूल पुसून दिलं.

"साहेब! किती वर्सानं! तब्येत उतरली तुमची. कौसाबाई कशी आहे?"

"बरी आहे."

"हाव ना? कोणी आलं तिकडचं की इचारतो." मग म्हणाले, "तुम्ही त्या वक्ताले माह्या बाजूनं बोलले होते. चूक कोणाचीही होते म्हणून. ध्यानात आहे माह्या. दुसरं कोणी नाही बोललं."

मी तोंड उघडलं. लावलेली वाक्यं होती सगळी. पण या बोलण्यावर ती टाकायची कशी, ते कळेना. एक गिऱ्हाईक आलं. मग दुसरं आलं. मग दुकान आवरायची वेळ झाली. त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं, ताडपत्री ओढली, दोन पावलं गेले आणि परत आले. बटणावर हात फिरवला. पुन्हा निघाले, पुन्हा वळले.

"साहेब, जरा पाह्यता काय," ते ओशाळं हसत म्हणाले, "बंद झालं ना? माहा काही भरोसा नाही. घरी जातो आन अर्ध्या रस्त्यातून वापस येतो."

मी पाहिलं. "झालं बंद."

"पक्कं?"

"पक्कं, युसूफभाई."

माझ्या शब्दावर त्यांचा चेहरा निवांत झाला. मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझ्या पिशवीत सीताफळं घातली, मला स्टँडवर सोडलं आणि चौकातल्या गर्दीतून पायीच घराकडे निघाले. पांढरा शर्ट लांबपर्यंत दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

रस्ताभर लावलेली ती वाक्यं अजून तशीच आहेत. म्हणायची होती ती अशी: युसूफभाई, त्या सकाळी बेल्ट थांबला होता, पुष्कळदा थांबला होता. लूप तुम्ही काढली होती. दुसरी मी लावली आणि तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो. तुमचा हात चुकला नव्हता. मला माफ करा.